काकवीचं घर

परदेशात तीन-चार घरांचं येणंजाणं जमलं की किस्से साठायला वेळ लागत नाही. बेसमेंटमधल्या रिकाम्या खोक्यांसारखं असतं ते. टीव्ही केव्हाच बिघडून गेलेला असतो, पण त्याचं खोकं कोणी टाकत नाही, लागेल कधीतरी म्हणून. आमच्या ग्रुपकडेही असे पुष्कळ आहेत. माझ्या नवऱ्याने, नितीनने, पहिल्या हिवाळ्यात आपला समजून शेजाऱ्याचा ड्राइव्हवे साफ केला आणि घरात येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली, तो एक. स्मिताने एअरपोर्टवर कस्टम्सच्या माणसाला मेतकूट म्हणजे काय ते समजावलं आणि शेवटी तो बिचारा पाककृती विचारायला लागला, तो एक. पण कोणी नवीन माणूस जेवायला आलं की सगळे मलाच म्हणतात, "वृंदा, सापाचं सांग."

मग मी सांगते. हसण्यासारखं त्यात बरंच आहे. मला मात्र ते हसत हसत कधी सांगता आलेलं नाही.

आधी माणसं सांगते. आम्ही इथल्या नोव्हाय नावाच्या गावात राहतो. नितीन गाड्यांच्या सीट डिझाइन करतो आणि मी सॉफ्टवेअर टेस्ट करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. दुसरं घर प्रसाद आणि स्मिताचं. प्रसाद डोंबिवलीचा, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या तापू नयेत हे बघतो. स्मिता पुण्याची, आणि सगळ्यांचं बघते. तिसरं घर मिलिंद आणि अंजलीचं. अजून तोंडात तसंच येतं. मिलिंद नागपूरचा, अंजली कोल्हापूरकडची, त्यांची एकुलती एक मुलगी सई. दोन हिवाळ्यांपूर्वी अंजली गेली. कॅन्सर होता. सई तेव्हा पंधरा वर्षांची होती.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की ते घर रिकामं ठेवत नाहीत. कोणी ना कोणी जाऊन बसतं, डबा नेतं. इथे मिलिंदकडे जाऊन बसायला आम्हीच होतो. आमचं शुक्रवारचं जेवण आळीपाळीने असायचं, ते तेव्हापासून मिलिंदकडेच व्हायला लागलं. दिवसकार्य झालं, वर्षश्राद्ध झालं, तरी आम्ही जातच राहिलो.

आणि सई जेवेनाशी झाली. उपाशी राहायची असं नाही. ताट समोर घेऊन बसायची, भात इकडचा तिकडे करायची, "आय ॲम गुड, काकू" म्हणून उठायची. तिचे स्वेटर ढगळ दिसायला लागले. डॉक्टर झाले, शाळेतली काउन्सेलर झाली. एकदा भांडी आवरताना मिलिंद नितीनला म्हणाला, "अंजलीसाठी मला काही करता आलं नाही यार. हिच्यासाठी तरी..." आणि नळ मोठा केला.

आम्हा सगळ्यांना काळजी होती ती एवढीच. बाकीचे किस्से तिच्या आजूबाजूला घडले.

*

एका शुक्रवारी पोळ्या वाढत असताना सई म्हणाली, "बाबा, कॅन आय गेट अ स्नेक?"

स्मिताचा हात आमटीच्या पातेल्यावर तसाच थांबला. प्रसादने अगदी गंभीरपणे विचारलं, "खेळण्यातला ना?"

"नो काका. बॉल पायथन."

मिलिंद पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "बरं."

सई वर गेल्यावर स्मिताने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, बरं काय? मुलगी आधीच अशी झालीय. घरात साप आणणार तू?"

"वहिनी, वर्षभरात पहिल्यांदा काही मागून राहिली ती," मिलिंद म्हणाला. "वाघ मागितला असता तर वाघ आणला असता मी."

स्मिताने डबे भरायला घेतले.

मिलिंदच्या आईला नागपूरला व्हिडिओ कॉलवर सांगायची जबाबदारी त्याने आमच्यासमोर पार पाडली, बहुधा धीर यावा म्हणून. आजींनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काहून रे," त्या म्हणाल्या, "तिकडचे कुत्रे संपले का?"

आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणून दे बापा. मागून तर राहिली ना पोरगी."

*

इथे सापांची प्रदर्शनं भरतात हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे साड्यांचं भरतं तसं, मोठ्या हॉलमध्ये, टेबलं मांडून. मिलिंदने मला सोबत चल म्हटलं. बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मी गेले, आणि पूर्ण वेळ पर्स छातीशी धरून चालले.

सईने आधीच एका माणसाशी ईमेलवर बोलून ठेवलं होतं. दाढीवाला, शांत माणूस. त्याच्यामागे उंच रॅक होता, ऑफिसात फायलींचा असतो तसा, आणि त्यात प्लॅस्टिकचे ड्रॉवर. त्याने एक ड्रॉवर ओढला. आत कागदाच्या तुकड्यांत गुळाच्या ढेपेसारखा गोल होऊन साप बसलेला.

मिलिंदचा चेहरा उतरला. त्याने इंग्रजीत विचारलं, "हे सगळे ड्रॉवरमध्येच राहतात?"

"हो. त्यांना आवडतं," तो माणूस म्हणाला.

मिलिंद मला मराठीत म्हणाला, "याले कसं माहीत काय आवडते ते?"

सई मात्र वाकून त्याला प्रश्न विचारत होती. भरभर, एकामागून एक. अंजली गेल्यापासून मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी पर्स खांद्याला लावली.

घर तयार झालं की घेऊन जा, असं ठरलं. परत येताना गाडीत मी विचारलं, "नाव काय ठेवणार गं?"

"काकवी."

अंजली दर भारतवारीत काकवीची बाटली आणायची. साड्यांत गुंडाळून, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. लहानपणी सई पोळीबरोबर दुसरं काही खायची नाही. ओठ, हनुवटी, फ्रॉक, सगळं तपकिरी करून ठेवायची आणि अंजली तिला तशीच उचलून घ्यायची.

मिलिंदने इंडिकेटर लावला. आम्हाला कुठेच वळायचं नव्हतं. तो बराच वेळ टिकटिकत राहिला आणि आमच्यापैकी कोणी बंद कर म्हणालं नाही.

*

आता इंजिनिअर माणसांच्या हातात सापाचं घर दिलं की काय होतं ते ऐका.

मिलिंदच्या डायनिंग टेबलवर डिझाइन रिव्ह्यू झाला. खरंच तेच नाव होतं, नितीनने तसं कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं होतं. प्रसादने लॅपटॉपवर टँकचं चित्र काढून आणलं होतं, कुठला कोपरा किती गरम राहील ते लाल-पिवळ्या रंगात. नितीनने सरकत्या काचांना गाडीच्या दारासारखं रबर लावायचं ठरवलं. मिलिंदकडे सांगाडा. लाकडाचं करावं असं एकदा निघालं, पण लाकूड म्हणजे अंधार, म्हणून ते बाजूला पडलं. चारी बाजूंनी काच, वर एलईडी. आणि प्रत्येक रिव्ह्यूला टँक लांब होत गेला.

"सहा फूट करू."

"सहा फुटांत तिला मोकळं वाटेल का पण?"

साप अजून माझ्या हाताएवढाही नव्हता.

सई पाणी घ्यायला खाली आली, लॅपटॉपकडे बघून थांबली. "इट्स टू बिग," ती म्हणाली. "आणि सगळी काच आहे. तिला छोटं लागतं. डार्क. लाइक द ड्रॉवर."

"ड्रॉवरमध्ये नाही ठेवणार मी कोणाले," मिलिंद म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला जागाही राहिली नव्हती. सई ग्लास घेऊन वर गेली.

मी त्याला दोष देत नाही. आम्ही सगळे दोन खोल्यांच्या घरांत वाढलेलो. मी दहावीचा अभ्यास जिन्यात बसून केला. आमच्या पिढीला माया फुटांत मोजायची सवय लागली आहे. मुलांना मोठं घर दिलं, मोठी खिडकी दिली, भरपूर उजेड दिला, की आपण आपल्या आईवडिलांपेक्षा चांगले आईबाप झालो असं वाटतं. सापाला तरी आम्ही कमी का देऊ?

टँक कुठे ठेवायचा हे स्मिताने ठरवलं. "हॉलमध्येच ठेवा. खिडकीपाशी, सोफ्यासमोर. येता-जाता माणसं दिसतील तिला. एकटं एकटं वाटायला नको."

काकवी घरी आली त्या दिवशी स्मिताने काचेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. सगळ्यांनी काचेशी चेहरे नेऊन फोटो काढले. काकवी टँकभर एकदा फिरली आणि पाण्याच्या भांड्यामागे जाऊन, जेवढं अंग मावेल तेवढं लपवून बसली.

"लाजतेय," प्रसाद म्हणाला.

सईने नारळाचा तुकडा हातात घेतला आणि थोड्या वेळाने तो टेबलावर तसाच ठेवला.

*

सापाचं खाणं म्हणजे उंदीर. ते इथे गोठवलेले मिळतात, पाकिटातून. मिलिंदने ते आणून फ्रीझरमध्ये ठेवले आणि हे कोणाला सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी स्मिताने मटार काढायला फ्रीझर उघडला. ती कट्टर शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा विचारून खाते. ती ओरडली वगैरे नाही. तिने फ्रीझर बंद केला, हात धुतले, परत धुतले आणि खुर्चीवर बसून विचारलं, "मिलिंद, हे मटारच्या शेजारी किती दिवस आहेत?"

"दोन-तीन शुक्रवार झाले असतील."

स्मिताने डोळे मिटले. मागच्या शुक्रवारची उसळ तिच्या डोळ्यांसमोर आली असणार.

दुसऱ्या दिवशी तिने गराजमध्ये ठेवायला एक छोटा फ्रीझर स्वतः आणून दिला. वर त्याला म्हणाली, "त्यात उंदीर ठेव. आणि चांगल्यातले आण, स्वस्तातले नको. आपली मुलगीच आहे ती."

*

पण काकवी खाईना.

सईने उंदीर कोमट करून चिमट्याने समोर धरला. काकवीने तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात तेच. मग आमच्या ग्रुपने ते मनावर घेतलं. प्रसादने हीटरचं सेटिंग बदललं. नितीनने उजेड वाढवला. स्मिता रोज दुपारी येऊन काचेसमोर बसायला लागली आणि तिच्याशी बोलायला लागली. "खा गं बाई. सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना." येणारा प्रत्येक जण काचेवर टकटक करून बघायचा, हलतेय का.

सई म्हणायची, "प्लीज डोन्ट टॅप." मग आम्ही तेवढ्यापुरते हात मागे घ्यायचो.

ग्रुपवर रोज मेसेज, "खाल्लं का?" एके दिवशी मिलिंदने त्यावर उलट विचारलं, "कोणी?"

मी तो मेसेज मीटिंगमध्ये बसून वाचला आणि पुढची मीटिंग काही माझ्या कानावर पडली नाही. कारण प्रश्न दोघींचाही होता आणि उत्तरही दोघींचं एकच होतं.

सापाच्या डॉक्टरने तपासलं. आजार काही नव्हता. घाबरलेली आहे, म्हणाली, तिला लपायला जागा आहे का? मिलिंदने अभिमानाने तिला फोनवर टँकचे फोटो दाखवले. त्याने मला नंतर सांगितलं, "तिनं फोटो पाहिले अन् सईकडं पाहिलं."

*

इथे मला दाराचं सांगायला हवं.

अंजली गेल्यानंतर सई शाळेतून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. एका दुपारी मिलिंदने हाका मारल्या, दार वाजवलं, आतून आवाज नाही. त्याने पुन्हा हाका मारल्या. मग त्याला काय काय वाटलं असेल ते मी सांगत नाही, तुम्हाला समजेल. त्याने गराजमधून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि बिजागरीचे खिळे काढून दारच उचकटून काढलं. सई आत कानाला हेडफोन लावून पालथी झोपलेली होती. ती दचकून उठली, तेव्हा बाबा दार दोन्ही हातांत धरून उभे होते आणि रडत होते.

ते दार पुन्हा लागलं नाही. मिलिंदने ते बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं. आम्ही सगळे म्हणालो, बरं केलंस, नजर तरी राहील. तसंही आपल्या घरांत मुलांनी दारं लावून बसायची पद्धत कुठे असते? चौकट उघडी दिसू नये म्हणून स्मिताने छान खादीचा पडदा शिवून दिला. दिवा लावला की त्यातून आतलं सगळं दिसायचं.

मग शुक्रवारी काय व्हायचं, तर सई ताट टाकून वर गेली की स्मिता दुसरं ताट घेऊन मागोमाग जायची. पडदा सरकवायची, पलंगावर बसायची. "दोनच घास. काकूसाठी." तिच्यानंतर मी. माझ्यानंतर मिलिंद, नुसताच, चौकटीत उभा राहायला.

सई कधी चिडली नाही. भिंतीकडे सरकून आम्हाला जागा करून द्यायची. ती चांगली मुलगी आहे.

*

एका शनिवारी सकाळी मिलिंदचा फोन आला. काकवी टँकमध्ये नव्हती.

नितीनने हीटरच्या वायरसाठी जे भोक ठेवलं होतं, त्यातून ती गेली होती. नितीनने ते मान्य केलं, पण टॉलरन्स, म्हणजे मापात ठेवलेली सूट, बरोबर होता असंही म्हणाला.

बाहेर गुडघाभर बर्फ होता. ती बाहेर गेली असेल तर संपलंच, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. आम्ही बुटांच्या कपाटापासून सुरुवात केली. स्मिता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि तिथून सगळ्यांना कुठे शोधायचं ते सांगत राहिली. प्रसादने टॉर्च घेऊन हवेच्या जाळ्या उघडल्या. मिलिंद प्रत्येक खोलीत जाऊन "काकवी, काकवी" अशी हाक मारत होता. सापाला कान नसतात हे त्याला माहीत होतं. सईनेच सांगितलं होतं.

दुपारी बेसमेंटमधून सईचा आवाज आला. "बाबा." एवढंच.

आम्ही खाली गेलो. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत भिंतीला टेकवून ते दार ठेवलेलं होतं. दार आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट. सई जमिनीवर आडवी होऊन आत बघत होती. फटीच्या अगदी टोकाला, अंधारात, काकवी घट्ट गोल होऊन बसली होती. टँकमध्ये ती एकतर भांड्यामागे अंग चोरायची, नाहीतर काचेला नाक लावून धडपडायची. इथे डोकं वेटोळ्यावर ठेवून निवांत होती.

नितीन दार हलवायला पुढे झाला.

"थांब," मिलिंद म्हणाला.

सई उठून बसली. गुडघ्यांना धूळ लागली होती. "शी लाइक्स इट टाइट, बाबा," ती म्हणाली. "सगळीकडून काहीतरी टेकलेलं असलं की तिला सेफ वाटतं. मी फर्स्ट डेपासून सांगतेय. शी इज नॉट सॅड. तिला एकटं नाही वाटत. तिला फक्त कोणी बघायला नकोय."

फर्नेस सुरू झाला, चालत राहिला. मिलिंदचा तळवा दारावर होता. त्याने तो उचलला नाही.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता काही नाही. वेट करू. येईल ती."

आम्ही बेसमेंटच्या गार फरशीवर बसून राहिलो, सहा मोठी माणसं म्हणायला हरकत नाही, कारण त्या दिवशी सई आमच्याहून लहान वाटत नव्हती. चहाच्या वेळेला काकवी आपण होऊन बाहेर आली आणि सईच्या बाहीत शिरली.

*

नवं घर सईने निवडलं. एक साधी पेटी, जुन्या टँकच्या निम्म्याहून लहान. तीन बाजू काळ्या, समोर काच, तीही सईने वरून कापड सोडून झाकलेली. आत दोन अंधाऱ्या लपायच्या जागा, एक गरम बाजूला, एक गार. दोन्ही इतक्या तंग की काकवीची पाठ वरच्या बाजूला टेकावी. मोकळी राहिलेली जागा तिने वाळक्या पानांनी आणि बुचाच्या सालींनी भरून टाकली. पेटी हॉलमध्ये नाही, तिच्या खोलीत.

प्रसादला ते बघवेना. "पण मग ती दिसणार कशी?"

"नाही दिसणार, काका."

"छोटा कॅमेरा बसवू का आत? नाइट व्हिजनवाला?"

सईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. प्रसाद म्हणाला, "ओके ओके. नको."

नियम तीन होते. कोणी कापड उचलायचं नाही, कोणी टकटक करायची नाही, कोणी खोलीत येऊन विचारायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर मोजमापं घेतली, त्यांना काही न मोजता बसायला सांगितलं. प्रसादचे फार हाल झाले. स्मिता दुपारची यायची, सोफ्यावर बसायची, जिन्याकडे बघायची आणि परत जायची.

मग एके दिवशी ऑफिसात असताना ग्रुपवर मिलिंदचा मेसेज आला. एकच शब्द. "खाल्लं."

या वेळी कोणी "कोणी?" असं विचारलं नाही. स्मिताने त्या संध्याकाळी शिरा केला आणि दोन्ही घरांसाठी डबे भरून दिले. मी माझ्या वाटणीचा गाडीतच बसून खाल्ला आणि तिथेच थोडी रडले. मग चष्मा पुसून घरात गेले.

*

त्यानंतरचा शुक्रवार.

आम्ही नेहमीसारखे मिलिंदकडे जमलो. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, काकडीची कोशिंबीर. मिलिंदने टेबल मांडून ठेवलं होतं. सई खाली आलेली नव्हती. स्मिताने ताट वाढलं, वर लिंबाची फोड ठेवली आणि सवयीने जिना चढली.

ती तशीच परत आली. ताट जसंच्या तसं हातात.

"अरे, दार," ती म्हणाली. "दार लागलंय. बंद आहे."

"हो," मिलिंद म्हणाला. "मी काल बसवलं."

"आणि तो पडदा?"

"धुऊन, घडी घालून ठेवला आहे, वहिनी. चांगला आहे तो."

नितीनने माझ्याकडे बघितलं. स्मिताचा चेहरा असा झाला की मी तिच्या हातातलं ताट घेतलं. "अरे पण मिलिंद," ती म्हणाली, "आतून काही... निदान वाजवून तरी बघू का? गार होईल सगळं."

मिलिंद डाव घेऊन उभा होता. त्याच्या हातून भाताची शितं टेबलावर सांडली. त्याने ती एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवली. जिन्याकडे त्याने बघितलं नाही. किती कष्टाने बघितलं नाही, ते मी समोरून बघत होते.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "वाढून घ्या. तिला भूक लागली की येईल ती."

आम्ही बसलो. जेवायला सुरुवात केली. प्रसाद हवामानाबद्दल काहीतरी बोलला, मग त्याने कोशिंबीर वाढून घेतली. अंजलीची खुर्ची नेहमीसारखी रिकामी होती, खिडकीकडची. त्या खुर्चीवर आमच्यापैकी कोणी बसत नाही.

वर दार उघडल्याचा आवाज झाला. मग ते नीट लावून घेतल्याचा. मग जिन्यावर पावलं.

सई आली. तिने कपाटातून स्वतःचं ताट घेतलं आणि खिडकीकडची खुर्ची ओढून बसली. स्मिता मान वर करणार, तेवढ्यात मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

"काकू, वरण इकडे द्या ना," सई म्हणाली.

मी पातेलं सरकवलं. आम्ही पाचही जण आपापल्या ताटात बघून जेवत राहिलो. डाव पातेल्यावर आपटल्याचा आवाज आला, मग जरा वेळाने पुन्हा आला. तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

कोणी वर बघितलं नाही.